दूध तोडू नका, शिसं दाराबाहेर ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागातल्या बाळंतिणी हल्ली हळूच विचारतात, "एवढे कारखाने आजूबाजूला, माझं दूध बाळाला बाधेल का हो?" शेजारी सासूबाई बसलेल्या असतात, पावडरचा डबा आणायच्या तयारीत.

उत्तर आधीच सांगते. अंगावर पाजणं बंद करू नका.

यात खरी भीती असते ती शिशाची, म्हणजे बॅटरीत असतो त्या विषारी धातूची. शिसं शरीरात गेलं की बहुतेक हाडांत साठतं आणि तिथे दहा-वीस वर्षंही मुक्काम करतं. गरोदरपणात आणि पाजताना आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याच्यासोबत हे जुनं शिसंही रक्तात उतरतं. पण रक्तातून दुधात येतं ते फार थोडं, शंभरात तीन भागांहूनही कमी. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते, की आईच्या रक्तात डेसिलिटरमागे, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे, ४० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी शिसं असेल, तर बाळावर लक्ष ठेवून पाजत राहावं. उलट, बोअरच्या पाण्यात धातू असतील आणि त्यात पावडर कालवली, तर ते सगळे बाळाच्या पोटात. पाणी उकळून जंतू मरतात, धातू जात नाहीत. पाणी आटेल तसे ते दाटच होतात. नळाचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, कारखान्यांच्या वरच्या अंगाचं. चौकशी करायची ती बोअरची.

मला जास्त काळजी वाटते ती कामाच्या कपड्यांची. बॅटरी फोडणं, भंगार वितळवणं, सोल्डरिंग, जुना रंग खरवडणं, या कामांची धूळ शर्टावर बसून घरी येते आणि बाबा त्याच शर्टात बाळाला उचलतात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा जेमतेम दहावा भाग अंगात जिरतो, तान्ह्याच्या मात्र निम्म्यापर्यंत. कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच बाळाला घ्या. ते कपडे दुपट्यांबरोबर भिजवू नका. खरं तर कामावर हातपाय धुण्याची आणि कपडे ठेवण्याची सोय मालकाने करायची, १९४८च्या कारखाना कायद्यापासून हे ठरलेलं आहे. लहान शेडमध्ये ती नसते, आणि ओझं पुन्हा घरातल्या बाईवर येतं.

अळिवाची खीर, नाचणीची भाकरी चालू ठेवा. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं की शिसं जास्त शोषलं जातं. काजळ मात्र नको. काही काजळ-सुरम्यात शिसंच असतं.

आणि हो, हिमोग्लोबिनच्या तपासणीत शिसं कळत नाही, त्याची तपासणी वेगळी. घरात कुणी बॅटरीच्या कामावर असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

नमस्कार.