आधी कानस, मग मशीन

(सुरुवातीला निवेदन नाही. वर्कशॉपचा मूळ आवाज काही सेकंद तसाच चालू द्यावा.)

सकाळचे नऊ वाजलेत. ओळीनं लावलेले बेंच व्हाइस, म्हणजे तुकडा घट्ट धरून ठेवणारे शिकंजे, प्रत्येकापुढे एक मुलगा नाहीतर मुलगी, आणि प्रत्येकाच्या हातात कानस. ही शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय. फिटर ट्रेडचं, म्हणजे यंत्रांचे भाग घासून-जुळवून बसवायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाचं, पहिलं वर्ष कामाला लागलंय. ही खरखर आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायची नाही.

काम ऐकायला साधं आहे. माइल्ड स्टीलचा तुकडा घ्यायचा, त्याच्या बाजू घासून सपाट करायच्या आणि एकमेकींशी काटकोनात आणायच्या. कारखान्यात हाच तुकडा मिलिंग मशीनवर काही मिनिटांत निघतो, इथं त्यात दिवस जातात. दहावी करून आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारायला लागतात, "सर, मशीनवर कधी घेणार?"

"हे सपाट झालं की," सर म्हणतात, आणि पुढच्या व्हाइसकडे जातात.

आता जरा हातांकडे बघा. उजव्या हातात कानशीची मूठ, डाव्या हाताचा तळवा तिच्या टोकावर. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना कापत नाही. म्हणून मागे आणताना दाब सोडायचा, नाहीतर दाते लवकर बोथट होतात. पुढे ढकलायला सुरुवात केली की डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, शेवटी उजव्याचा जास्त. वहीत लिहायला हे चार ओळींचं आहे. हातात उतरायला महिना लागतो. तोवर कानस झुलत राहते, आणि पृष्ठभाग सपाट व्हायच्या ऐवजी त्याला मधोमध पोट येतं.

डावीकडचा हा मुलगा बघा. पाय जवळजवळ, सगळी ताकद मनगटात, घाम डोळ्यांत. त्याच्या शेजारच्या मुलीचा डावा पाय पुढे आहे, कोपर व्हाइसच्या उंचीला आहे आणि तिचा हात खांद्यापासून चालतो. तिचा वेग त्याच्यापेक्षा कमी आहे. जॉब, म्हणजे हातातला तुकडा, तिचा आधी होतो.

मधेच ती कानशीला खडू फासते. दात्यांमध्ये कीस अडकला तर पुढच्या घासणीत तोच जॉबवर ओरखडे काढतो. खडू लावला की तो सहसा अडकत नाही. अडकलाच तर तारेच्या ब्रशनं काढायचा. घासलेल्या जागेवरून बोट फिरवायचं नाही, कारण घामाचा तेलकटपणा लागला की कानस घसरते. कीस फुंकरीनं उडवायचा नाही, डोळ्यात जातो. या सूचनांची पाटी भिंतीवर आहे. मोठी आहे, रंगीत आहे. पण सवय लागते ती सरांनी मागून येऊन "हात!" एवढंच म्हटल्यावर.

मग तपासणी. जॉबला ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावायचा आणि खिडकीकडे धरायचा. (हा शॉट पूर्ण जाऊ द्यावा.) पात्याखालून उजेडाची रेघ दिसतेय ना, तिथं जॉब खोलगट आहे. आणखी बारीक तपासायचं असेल तर सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, निळा रंग अगदी पातळ फासायचा आणि जॉब त्यावरून हलकेच फिरवायचा. जिथं निळं लागलं, तिथं उंचवटा. तेवढाच घासायचा, पुन्हा फिरवायचा, पुन्हा घासायचा. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी सर गुण देतात. पुढे हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत चालतो.

तो हिशोब या व्हर्निअरवर, म्हणजे सरकत्या पट्टीच्या मोजपट्टीवर होतो. मुख्य पट्टीवर ४९ मिलिमीटरची जी लांबी आहे, तिचेच सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले आहेत. मुख्य पट्टीवरचा एक भाग आणि सरकत्या पट्टीवरचा एक भाग, यांतला फरक ०.०२ मिलिमीटर. कुठली रेघ कुठल्या रेघेसमोर येते, एवढंच बघायचं. डिजिटल व्हर्निअर संस्थेकडे आहेत, पण पहिल्या वर्षाला ते कपाटातच असतात. मोजण्याआधी आणखी एक गोष्ट: जबडे बंद करून शून्य शून्यावर येतं का ते बघायचं. जी मुलं हे विसरतात, त्यांचं मोजमाप सर ऐकूनही घेत नाहीत.

(गेटजवळची कोनशिला, मग जुन्या हजेरीपटाची पानं.)

देशात १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. नव्या कारखान्यांना हातानं काम करणारी, ड्रॉइंग वाचता येणारी माणसं हवी होती. संस्थेत शिकलेला मुलगा कारखान्यात गेला की पुन्हा नवखाच ठरतो, हेही लवकरच लक्षात आलं. त्यावर १९६१ चा शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायदा आला आणि १ मार्च १९६२ पासून लागू झाला. कारखान्यानं ठरावीक संख्येनं शिकाऊ उमेदवार घ्यायचे, त्यांना विद्यावेतन द्यायचं आणि काम करवून घेत शिकवायचं, अशी ती रचना. १९७३ मध्ये पदवी आणि पदविका घेतलेले इंजिनिअरही तिच्यात आले. आज ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कागदावर हे फार चांगलं आहे.

पण कारखान्याकडे जाण्याआधी दुसऱ्या वर्षाचा वर्ग बघायलाच हवा. या फिल्मसाठी आम्ही जे काही टिपलं, त्यात आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे.

टेबलावर हा जो पोलादी पट्टीसारखा ठोकळा दिसतो, तो साइन बार. त्याच्या दोन टोकांना दोन रोलर असतात आणि त्यांच्या मध्यांतलं अंतर अचूक २०० मिलिमीटर. एक रोलर सरफेस प्लेटवर टेकवायचा आणि दुसऱ्याखाली नेमकी उंची द्यायची, की बार हव्या त्या कोनात उभा राहतो. आज २५ अंश हवेत. साइन २५ म्हणजे ०.४२२६२. गुणिले २००. उंची आली ८४.५२४ मिलिमीटर.

एवढी नेमकी उंची आणायची कुठून? या लाकडी पेटीतून. हे स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे छोटे ठोकळे. हा मुलगा चार निवडतो: १.००४, १.०२, ७.५ आणि ७५ मिलिमीटरचे. बेरीज करून बघा. आता तो त्यांचे पृष्ठभाग पुसतो, एकावर दुसरा आडवा ठेवतो, दाबून वळवतो आणि ते चिकटतात. डिंक नाही, चुंबक नाही. पृष्ठभाग इतके सपाट आहेत की ते एकमेकांना सोडत नाहीत. मुलानं वरचा धरून उचलला, खालचेही उचलले गेले. (त्याचा चेहरा. इथं संगीत नको.)

दहावीला गणितात काठावर पास झालेला हा मुलगा आहे, हे त्यानंच हसत सांगितलं. शाळेत साइन, कॉस, टॅन त्यानं पाठ केले होते आणि परीक्षा झाल्यावर विसरलाही होता. आता त्याच्या वहीत साइनचं कोष्टक आहे आणि त्या पानाला तेलाचे डाग पडलेत. हातात काम आल्यावर पुस्तकाची गरज कळते, हे आमचं जुनं मत आहे. गणिताचे शिक्षक कदाचित वाद घालतील. खुशाल घालावा.

टॅपिंगचा, म्हणजे भोकात टॅप नावाच्या हत्यारानं आटे पाडण्याचा, सराव थोडक्यात दाखवतो. एम १० चे, म्हणजे १० मिलिमीटरच्या बोल्टचे, आटे पाडायचे तर आधी ८.५ मिलिमीटरचं भोक. मग टॅप थोडा पुढे फिरवायचा, थोडा मागे घ्यायचा, म्हणजे कीस तुटतो. नुसता पुढे रेटला की टॅपच आत मोडतो. हा बघा, मोडला. दोन दिवसांचा जॉब गेला. सर काहीच बोलले नाहीत, नवा तुकडा समोर ठेवला.

दोन वर्षांनी परीक्षा होते, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, आणि सरकारी पोर्टलवर शिकाऊ उमेदवारीचे अर्ज भरायला सुरुवात होते.

(पहाटेचा बसस्टॉप. कंपनीची बस.)

आधीच्या बॅचमधली ही मुलगी. फर्स्ट शिफ्ट, मेंटेनन्स विभाग. कंपनीनं आम्हाला इथपर्यंतच येऊ दिलं, त्यामुळे उत्पादनाच्या लाइनवर काय चालतं ते या फिल्ममध्ये दिसणार नाही.

एका मोटरचा आवाज बदललाय. तिच्यासोबतचे फिटरकाका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात, मूठ कानाला लावतात, आणि मग स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात देतात. "ऐक. आता शेजारच्या मोटरवर लाव. फरक कळला?" तिला पहिल्यांदा कळत नाही. ती पुन्हा लावते. तिसऱ्या वेळी मान हलवते.

पुलर लावून जुनं बेअरिंग काढलं. नवं बसवायच्या आधी काका तिला शाफ्ट मोजायला लावतात. नवं बेअरिंग हीटरवर ठेवलंय. साधारण ११० अंशांपर्यंत तापवायचं, १२० च्या वर जाऊ द्यायचं नाही. तापलं की आतली रिंग किंचित मोठी होते आणि बेअरिंग शाफ्टवर अलगद सरकतं. हातोडीनं ठोकून बसवणारेही भेटतात. पण ठोका बाहेरच्या रिंगवर पडला तर त्याचा मार आतल्या गोळ्यांना बसतो, आणि ते बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा ओरडायला लागतं. काकांनी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "काका, तुम्ही कधी ठोकलंय का?" काका हसले. बेअरिंग थंड होईपर्यंत दोघं तिथंच उभे होते.

तिच्या हातात ही जी वही आहे, ती लॉगबुक. आज कुठल्या मशीनवर काय केलं, कुणाच्या देखरेखीखाली केलं, सगळं रोज लिहायचं आणि सही घ्यायची. तिच्या वहीत पंप आहेत, गिअरबॉक्स आहेत, कन्व्हेअर आहे, हायड्रॉलिक्स आहे. दर काही आठवड्यांनी तिचा विभाग बदलला. शिकाऊ उमेदवारी अशीच चालायला हवी.

सगळीकडे ती तशी चालत नाही. कायद्याच्या लेखी शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. सरकारनं नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला ठेवता येत नाही. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतन शिक्षणानुसार महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकारनं त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा वाटा उचलला. इतक्या स्वस्तात माणूस मिळतो म्हटल्यावर त्याला शिकवायच्या ऐवजी राबवून घेणारेही निघतातच. याच बॅचमधला एक मुलगा दुसऱ्या एका कारखान्यात वर्षभर पॅकिंगला होता. दोन वर्षं कानस घासून खोक्यांना टेप. तो आमच्याशी बोलला, पण कॅमेरा बंद ठेवायला लावून.

उमेदवारीचं वर्ष संपल्यावर कंपनीनं नोकरी द्यायलाच हवी अशी सक्ती कायद्यात नाही. २०१४ च्या दुरुस्तीनं भरतीचं धोरण ज्या त्या कंपनीवर सोडलंय. या बॅचमधले काही जण तिथंच कंत्राटावर राहिले, काही दुसरीकडे गेले, दोघा-तिघांनी गावाकडे स्वतःचं वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन सुरू केलं.

(तिचं घर. भिंतीवरची प्रमाणपत्रं, आई. इथं निवेदन नको, दृश्य तसंच चालू द्यावं.)

तिला मुलाखतीचं बोलावणं आलं ते दुसऱ्या एका कारखान्यातून. तिथं कॅमेरा नव्हता, हे तिच्याच तोंडून ऐकलेलं. मार्कांचा कागद त्यांनी बाजूला ठेवला, टेबलावर एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर ठेवला आणि म्हणाले, मोजून सांगा. तिनं आधी मायक्रोमीटर पुसला, बंद केला, शून्य बघितलं. शाफ्ट उचलायच्या आतच समोरच्या साहेबांनी विचारलं, "अप्रेंटिसशिप कुठल्या विभागात केली?" तिनं लॉगबुक पुढे केलं. पुढची वीस मिनिटं ते त्या वहीतल्या गिअरबॉक्सबद्दलच बोलत होते.

नोकरी लागली, पण एका वर्षाच्या कराराची. दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिनं तोही फॉर्म भरून ठेवलाय.