जुना हार्नेस फेकण्याआधी वाचा

मित्रहो, पत्रिकेवर आजचा विषय ‘जुन्या गाडीसाठी हार्नेस कसा दुरुस्त करावा आणि कुठून मिळवावा’ असा छापलाय. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या विजेच्या तारांचा एकत्र बांधलेला जुडगा. तो मिळवण्याबद्दल बोलणार आहेच, पण त्याआधी बरीच वर्षं मनात साचलेलं बोलून घेतो.

गाडी रिस्टोरेशनला उघडली की डॅशबोर्ड निघतो, सीट निघतात आणि मग कुणीतरी पक्कड घेऊन वायरिंगवर तुटून पडतं. नवीन मागवायचंच आहे, मग जुनं कशाला जपायचं? कचाकच कापून पोत्यात भरायचं आणि भंगारात द्यायचं. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी हे केलंय, हात वर करू नका, चेहऱ्यांवरून कळतंय! माझं म्हणणं एवढंच, की शिंप्याकडे जाताना आपण मापाचा सदरा नेतो, तसा हा जुना हार्नेस नव्याचं माप आहे. नवा बसून गाडी रस्त्यावर धावेपर्यंत जुना घराबाहेर जाता कामा नये.

एक प्रसंग सांगतो. साठच्या दशकातली एक इंग्रजी गाडी माझ्याकडे आली. रंग आरशासारखा आणि हार्नेस कोरा करकरीत. पण ब्रेक दाबला की पुढचा डावा इंडिकेटर मंद उजळायचा. मालकांची खात्री झालेली, की हार्नेसच सदोष आहे. बनवणाऱ्याशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला होता आणि दुसरा हार्नेस मागवायची तयारीही चालली होती. मी मल्टिमीटरची एक पिन मागच्या डाव्या दिव्याच्या धातूच्या बैठकीवर ठेवली, दुसरी बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या, टोकावर, आणि त्यांना ब्रेक दाबायला सांगितलं. तिथे शून्याच्या जवळपास दिसायला हवं होतं. काटा चांगला काही व्होल्ट वर गेला. म्हणजे दिव्याला अर्थ, करंट बॉडीतून परत जायची वाट, मिळतच नव्हती. बोल्टच्या बैठकीवर नव्या रंगाचे जाड थर चढले होते. करंट बॉडीत उतरू शकत नव्हता, म्हणून तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरून त्याच्याच तारेने पुढच्या दिव्यापर्यंत जात होता आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बाहेर पडत होता. रंग खरवडून उघडा पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, वरून व्हॅसलीन लावलं. दिवे ठणठणीत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गाडी उघडण्यापूर्वी काढलेल्या डिकीच्या एका फोटोत त्याच दिव्यापासून चासीपर्यंत गेलेली एक जास्तीची काळी तार दिसली. आधीच्या कुठल्यातरी ऑटो इलेक्ट्रिशियनला हाच त्रास झाला होता आणि त्याने त्यावर तोडही काढली होती. ही सगळी माहिती जुन्या हार्नेसमध्ये होती. तो पोत्यात गेला तशी तीही गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा जुन्या हार्नेसमधली माहिती वाचायची कशी? ब्रिटिश गाड्यांत रंगच बोलतात. तपकिरी तार थेट बॅटरीकडून येते, बहुधा फ्यूजशिवाय. पांढरी इग्निशन चालू केल्यावर जिवंत होते आणि तीच फ्यूजमधून गेली की हिरवी होते. जांभळी कायम चालू, पण फ्यूजमागची. लाल साइडलाइटची, काळी अर्थची. निळीवर पांढरी रेघ म्हणजे अप्पर, लाल रेघ म्हणजे डिपर. जर्मन गाड्यांत टर्मिनलवरचे आकडे बघा: 30 बॅटरी, 15 इग्निशन, 31 अर्थ. ज्या तारेचा रंग या घराण्यात बसत नाही, ती नंतर कुणीतरी ओढलेली आहे. ती का ओढली हे शोधल्याशिवाय काढू नका.

हार्नेस उतरवताना प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, मग तो फळीवर पसरून खिळ्यांनी त्याचा आकार धरा. कुठली फांदी कुठे फुटते, किती लांब जाते, ते तिथेच मोजा. आता एका तारेचं टोक थोडं सोला. तांबं लखलखीत असेल तर तार जगवता येते. काळं पडलं असेल, तर ओल तंतूंमधून आत गेलेली आहे. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा, लागलंच नाही तर ती तार बदला. काळ्या तांब्यावर डाख, म्हणजे सोल्डर, धरत नाही, तो धरायला मदत करणारा फ्लक्स कितीही लावा. तार बोटाभोवती वळवताना पीव्हीसीला तडे गेले, तर तो तुकडा संपला. कापडी वेष्टणाखालच्या रबराचा भुगा होत असेल, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट नको. त्याची नक्कल करून नवाच करा.

संयोजक घड्याळाकडे बोट दाखवताहेत. छापलेला विषय आता भरभर घेतो.

मार्ग तीन: तयार हार्नेस घेणं, जुना नमुना देऊन बनवून घेणं किंवा स्वतः बांधणं. तयार घेताना नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. साल, उजवं की डावं स्टिअरिंग, बॅटरी चार्ज करायला डायनॅमो की अल्टरनेटर, फ्यूज किती, जास्तीचे दिवे कोणते, सगळं लिहून द्या. अल्टरनेटर बसवला असेल तर मुख्य तपकिरी तार जाड लागेल. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या, असतात, तेही कळवा.

तारेची जाडी आकड्यांत मागा. 14/0.30 म्हणजे 0.30 मिलिमीटरचे 14 तंतू, साधारण 1 चौरस मिलिमीटर, 28/0.30 त्याच्या दुप्पट. हेडलाइट 55 वॉटचे दोन असले तर 12 व्होल्टला नऊ अँपिअर होतात. तिथे बारीक तार किंवा सैल जोड चालत नाही, कारण व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, घाला, हवं तर दिसणार नाही असा. जोड क्रिम्पचा, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून बसवलेला, असेल तर वरून डाख ओतू नका. तो तंतूंमध्ये चढतो, तार तिथे ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. आणखी एक: जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवरचा 35 हा वितळण्याचा आकडा आहे, सतत वाहायचे फक्त सतरा अँपिअर. त्या जागी नवा 35 चा पात्याचा फ्यूज लावलात तर आधी तार जळेल.

शेवटचं. नवा हार्नेस बसला की बॅटरी थेट जोडू नका. मध्ये 21 वॉटचा बल्ब घाला आणि गाडीतलं सगळं बंद ठेवा. बल्ब उजळला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो आधी शोधा. नाही उजळला तर एकेक स्विच चालू करून बघा. प्रश्न असतील तर इथेच थांबतो, दोन-तीन घेता येतील.