टीव्हीवरचे मंत्री कुणाबद्दल बोलत होते?

मंडळी,

आज मी गणपतीच्या वर्गणीचा हिशोब मांडणार होते. तो कोषाध्यक्ष मांडतील. मागच्या शुक्रवारी आमच्या घरी जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून तेच बोलते.

जेवायला आपल्यातलीच मंडळी होती. भरली वांगी, भाकरी, आणि टीव्हीवर बातम्या. इथल्या, म्हणजे डेन्मार्कच्या, इमिग्रेशन आणि इंटिग्रेशन खात्याचे (परदेशातून येणाऱ्यांचे नियम ठरवणारं खातं) मंत्री आणखी कडक नियमांबद्दल सांगत होते. आमचे एक स्नेही म्हणाले, "बरोबर आहे. या लोकांना आवरायलाच हवं." दोघातिघांनी माना डोलावल्या. आमची नववीतली लेक ताट उचलता उचलता थांबली. "काका, ते आपल्याबद्दल बोलतायत." तिची जिवलग मैत्रीण सोमाली घरातली. "तिच्या घरी सगळ्यांचे पासपोर्ट लाल आहेत, डॅनिश. आपले निळे, भारतीय." कुणीतरी समजावलं, "अगं, आपलं वेगळं. आपण टॅक्स भरतो." तर म्हणाली, "तिची आई नर्स आहे. तीपण भरते." मग आवाज चढले, पोरगी खोलीत गेली आणि जेवणाचा विचका झाला.

दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तेव्हा जाणवलं, तिचा शब्दन् शब्द खरा होता.

हे खातं डेन्मार्कमध्ये 2001 साली स्वतंत्रपणे उभं राहिलं. 2011 मध्ये नव्या सरकारनं ते बंद केलं आणि 2015 मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर ते परत उघडलं. तेव्हाच्या मंत्रीणबाई इंगर स्टॉयबर्ग यांनी 2017 साली नियम कडक करण्याचं अर्धशतक केक घेऊन साजरं केलं, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. आश्रयासाठी आलेल्या, दोघांपैकी एक अल्पवयीन असलेल्या जोडप्यांना सरसकट वेगळं ठेवण्याचा त्यांचा 2016 चा आदेश बेकायदा ठरला, आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये महाभियोग न्यायालयानं त्यांनाच 60 दिवसांची कैद सुनावली. मंत्र्यालाही कायदा सोडत नाही, याबद्दल या देशाचा मला मनापासून आदर वाटतो. पण सरकार बदललं म्हणून नियम सैल झाले, असं समजू नका. 2019 ते 2022 हे खातं सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या मातियास टेसफाये यांच्याकडे होतं. त्यांचे वडील इथिओपियातून आलेले निर्वासित. नियम तेव्हाही कडकच राहिले.

आणि हे नियम फक्त निर्वासितांसाठी नाहीत. तुमचं वर्क परमिट ज्या सीरी कार्यालयातून येतं, ते याच खात्याखाली आहे. कायम वास्तव्यासाठी साधारण 8 वर्षं, सगळ्या जादा अटी पुऱ्या केल्या तर 4. नागरिकत्वासाठी डॅनिशची वरची परीक्षा, शिवाय 45 प्रश्नांची दुसरी, त्यातले 36 बरोबर हवेत. एवढं करून नागरिकत्व देते संसद, आणि अर्जदारांची नावं चक्क विधेयकात छापली जातात. 2019 पासून तर समारंभात हस्तांदोलन केल्याशिवाय ते पूर्णच होत नाही. या रांगेत "हे लोक" आणि "आपण" अशा दोन खिडक्या नाहीत.

आमची लेक कोपनहेगनच्याच इस्पितळात जन्मली. इथं जन्मलं म्हणून कुणी इथलं नागरिक होत नाही. तिचा निळा पासपोर्ट हा काही तिनं घेतलेला निर्णय नाही, आमचा आहे.

आता थोडं रागावते, राग मानू नका. आपल्यातल्या कितीजणांनी डॅनिशचा क्लास तिसऱ्या मोड्यूलला सोडला? ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणून. नगरपालिकेच्या निवडणुकीत, काही वर्षं इथं राहिलेल्या परदेशी माणसालाही मत देता येतं. कार्ड घरी येतं, फ्रिजवर चिकटतं आणि निवडणूक झाली की कचऱ्यात जातं. पोरांना बॅडमिंटनला सोडून आपण गाडीत बसून भावाला पुण्याला फोन लावतो. आत हॉलमध्ये डॅनिश पालक जाळी बांधत असतात, संघटनेच्या सभेला बसतात. अशा संस्थेत, कार्यकारिणीवर किंवा मुलांना शिकवायला, वर्षभर केलेलं काम कायम वास्तव्याच्या जादा अटींपैकी एका अटीत धरलं जातं, हे ठाऊक होतं? पण मी ते अटीसाठी सांगत नाही. जाळी बांधायला एक माणूस कमी असतो, म्हणून जा.

आणि त्या सोमाली मुलीच्या आईबाबांना दिवाळी फराळाला बोलवा. मी बोलावणार आहे.

लेकीला अठरा पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे, पण फार नाही. तेव्हा तिचा अर्ज तिच्या नावानं असेल. तोवर अटी काय झालेल्या असतील, ते खात्यातलेही सांगू शकणार नाहीत. डेन्मार्कनं 2015 मध्ये दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, पण भारत ते मानत नाही. लाल पासपोर्ट घेतला की निळा परत करायचा आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) घेऊन साताऱ्याला आजीकडे जायचं. तिचे बाबा म्हणतात, तिनं घ्यावा. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आणि टीव्हीवरचं ते बोलणं ऐकून ऐकून तिलाच एक दिवस इथं थांबावंसं वाटेनासं झालं तर आम्ही तिला काय सांगायचं, यावर आमचं बोलणं रोज अर्ध्यावरच राहतं.