जंबो कोळंबी: तळ्यात बीज किती सोडावं?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी, बाजारातली स्कॅम्पी, पाळायची म्हटलं की पहिला प्रश्न बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, किती सोडायचं हाच असतो. 'भरपूर सोडा, निम्मं तरी जगेल' असा सल्ला सर्रास मिळतो. तो बीज विकणाऱ्याच्या सोयीचा आहे.

आधी तळाचं माप घ्या. कटला वरच्या थरात राहतो, रोहू मधल्या. कोळंबी मात्र तळावर चालते, तिथंच खाते, तिथंच लपते. म्हणून पाणी किती खोल आहे यावर तिची संख्या ठरत नाही. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं घ्या. वरून ते 900 चौरस मीटर भरतं. बाजूंचा उतार एकास एक असेल, तर खाली तळ उरतो चोवीस बाय चोवीस, म्हणजे 576 चौरस मीटर. चौरस मीटरला तीन या दराने तिथं सतराशेच्या आसपास बीज बसतं. वरच्या मापाने 2700 सोडलंत, तर तळावर जवळजवळ पाच होतात आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

दाटीत वाढ का खुंटते? खाद्य कमी पडतं हे अर्धंच कारण. या कोळंबीच्या नरांत तीन पायऱ्या असतात: लहान नर, नारिंगी नांग्यांचे नर आणि लांब निळ्या नांग्यांचे दांडगे नर. नारिंगी नर झपाट्याने वाढतात. निळे नर जागा अडवून बसतात, स्वतः फारसे वाढत नाहीत आणि आसपासच्या लहान नरांनाही वाढू देत नाहीत. दाटी वाढली की खुजे राहणाऱ्या नरांचं प्रमाण वाढतं. खाद्य दुप्पट टाकून हे सुटत नाही. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि नवं दुखणं उभं राहतं.

जगण्याचं गणित कात टाकण्याशी जोडलेलं आहे. वाढायचं तर कवच टाकावंच लागतं आणि नवं कवच टणक होईपर्यंत कोळंबी मऊ, असहाय असते. तेवढ्यात शेजारीण तिला खाते. शेजार जितका दाट, तितकी ही चोरटी मर जास्त. मेलेली दिसतही नाही, कारण ती खाल्ली गेलेली असते.

आता दहा गुंठे तळ धरा, साधारण हजार चौरस मीटर. हे आकडे फक्त हिशोबापुरते. तीन हजार सोडली, 65 टक्के जगली, सरासरी 42 ग्रॅम भरली, तर माल 82 किलो. सहा हजार सोडली, निम्मी जगली, 28 ग्रॅम भरली, तर 84 किलो. वजन जवळजवळ तेच. पण पहिल्या मालात किलोला चोवीस नग, दुसऱ्यात छत्तीस. भाव नगाच्या आकारावर ठरतो आणि दुसऱ्या खेपेला बीजाचा खर्च दुप्पट.

एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल, पहिलंच वर्ष असेल, तर चौरस मीटरला दोन ते तीन पुरे. एअरेटर आणि पाणी बदलायची सोय असेल, तर चारपर्यंत जा. पहाटे विरघळलेला प्राणवायू लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. पहाटे कोळंबी काठाला गोळा झालेली दिसली, तर त्या दिवशी खाद्य बंद आणि ताजं पाणी सुरू.

हॅचरीतलं, म्हणजे बीजनिर्मिती केंद्रातलं, इवलं बीज थेट मोठ्या तळ्यात टाकू नका. छोट्या नर्सरीत महिना-दीड महिना वाढवून, एक-दोन ग्रॅमचं झालं की मोजून सोडा. सोडताना आकाराने निवडून घ्या. मोठी-बारीक एकत्र गेली की बारीक संपलीच. पिशव्या पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या.

लपायला नारळाच्या झावळ्या, कौलं, पाईपचे तुकडे ठेवा. प्लास्टिकच्या कागदाचं तळं असेल, तर उभ्या जाळ्या टांगा. कोळंबी त्यांवर चढते आणि वापरती जागा वाढते. मात्र टोकदार काही नको, कागद फाटेल.

चार-पाच महिन्यांनी मोठ्या आसाचं (मोठ्या भोकांचं) ओढजाळं फिरवून निळ्या नांग्यांचे नर काढून विका. बारीक माल जाळ्यातून निसटतो, त्याला जागा मिळते आणि अडून राहिलेले लहान नर जोमाने वाढू लागतात. हे काम टाळणाऱ्यांच्या तळ्यात शेवटी मूठभर दांडगे आणि ढीगभर खुजे निघतात.

कार्प माशांसोबत पाळायची असेल, तर कोळंबी चौरस मीटरला एकच ठेवा. सोबतीला कटला आणि रोहू चालतात. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) नकोत, कारण तेही तळाशीच चरतात.

विदर्भ-मराठवाड्यात थंडीत पाणी 20 अंशांखाली गेलं की वाढ थांबते. जूनमध्ये नर्सरी भरून जुलैअखेर बीज तळ्यात सोडलंत, तर कडाक्याच्या थंडीआधी माल काढता येतो.