तुमच्या वाडीपर्यंत रस्ता आणि एसटी का येत नाही?

नमस्कार मंडळी! कागदावर तुमच्या गावची लोकसंख्या म्हणून जो आकडा असतो ना, त्यावर रस्त्याचं बरंच काही ठरतं, आणि कोकणात हाच आकडा गावाच्या मुळावर येतो. कसा ते सांगतो.

रत्नागिरी जिल्हा घ्या. 2001 च्या जनगणनेत 16,96,777 माणसं, 2011 मध्ये 16,15,069. सगळ्या राज्याची लोकसंख्या वाढत होती आणि इथे जवळपास 82 हजार माणूस कमी झाला! त्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका, म्हणजे कमावते पुरुष मुंबई-ठाण्याला आणि गावात म्हातारी माणसं, सुना, शाळेतली पोरं. बरं, ती गणती झाली फेब्रुवारीत, 9 ते 28 तारखेला, म्हणजे शिमग्याच्या आधी. चाकरमानी शिमग्याला येणार, गणपतीला येणार, तेव्हा गाव भरलेलं असतं, जादा गाड्यांची रांग लागते, पण मोजणारा माणूस येऊन गेलेला असतो.

आता रस्त्याचं बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 च्या डिसेंबरात सुरू झाली, नियम असा की सपाट भागात 500 लोकवस्ती पाहिजे आणि डोंगरी राज्यं, आदिवासी क्षेत्र, वाळवंट इथे 250. सह्याद्री कितीही उभा असला तरी महाराष्ट्र काही डोंगरी राज्यांच्या यादीत नाही. शिवाय ही योजना गाव मोजत नाही, वस्ती मोजते. समजा गाव 800 लोकांचं आहे पण वाड्या सहा, एक वर सड्यावर म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, एक पऱ्यापलीकडे म्हणजे ओढ्याच्या पल्याड, सगळ्या लांबलांब, तर एकही वाडी 500 च्या जवळ जात नाही. मग डांबर येतं ते फाट्यापासून शाळेपर्यंत, आणि सड्यावरच्या आजीला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून यावं लागतं, पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तेव्हा आजारी माणसाला चौघांनी डोलीतून खाली आणायचं. हे आजही चालतं हो, आणि याचा मला मनापासून राग येतो.

योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झाला, देशभरात 25,000 वस्त्या जोडायच्या, पण आकडे 2011 चेच. पुढच्या जनगणनेची तारीख 1 मार्च 2027 आहे आणि गणती परत फेब्रुवारीतच.

एसटीची गंमत वेगळीच. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावापुढे लिहिलेलं असतं, गावात बस आहे का, नसेल तर 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10, की त्याहून लांब. पण "बस आहे" म्हणजे दिवसाला किती फेऱ्या ते त्यातून कळत नाही. बऱ्याच गावांत ती एकच वस्तीची गाडी, संध्याकाळी येते, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेत नाहीतर देवळात झोपतात, पहाटे तीच गाडी हायस्कूलची पोरं, बँकेत जाणाऱ्या बायका, तालुक्याला औषध आणायला निघालेली माणसं घेऊन जाते. भारमान, म्हणजे गाडी किती भरून जाते तो हिशेब, कमी झालं की पहिली कात्री हिच्यावरच. फेरी गेली की रिक्षा स्पेशल करा, ते रोज परवडत नाही, म्हणून पोरांसाठी घर तालुक्याला हलतं आणि भारमान अजून खाली. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 75 च्या पुढच्यांना तर फुकट, चांगलीच गोष्ट आहे, पण वाडीत गाडीच नाही तर तिकीट फाडणार कोण?

म्हणून एक काम करा. वाडीनुसार यादी बनवा, किती माणसं, त्यात 75 च्या वरची किती, पासवाले विद्यार्थी किती, दवाखाना किती लांब. ग्रामसभेत ठराव घ्या आणि अर्ज एसटीच्या आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत विभाग नियंत्रकांना, पोच घ्यायला विसरू नका. विद्यार्थ्यांचा आकडा अगदी वर लिहा. जिल्हा पुस्तिका जनगणनेच्या वेबसाइटवर फुकट मिळते, कमेंटमध्ये तालुका लिहा, पुढच्या व्हिडिओत ती उघडून आपलं गाव कसं शोधायचं ते दाखवतो.