रताळी, वही आणि चाळीस मिनिटे

[दृश्य : पावसाळी संध्याकाळ. कौलारू घराची पडवी. खांबाला टेकून धरलेला मोबाईल. मुलीचे हात आणि वही दिसतात, चेहरा दिसत नाही.]

खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जिथे कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, तिथे पावसाळ्यात ढग इतके खाली उतरतात की समोरचा डोंगर दिसेनासा होतो आणि त्याच्याबरोबर मोबाईलची रेंजही जाते. या घरात रेंज फक्त पडवीच्या एका खांबापाशी मिळते, म्हणून आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, तो खांब वर्ग होतो. त्याच वेळी निपाणीत विडीची पाने ठेवलेल्या खोलीत एक मुलगा आणि बेळगावच्या वडगावात यंत्रमागाची खटखट ऐकू येणाऱ्या घरात एक मुलगी त्याच लिंकवर येते. विषयाचे नाव आहे सामाजिक उद्योजकता.

या वर्गातील मुले अठरा वर्षांखालील आहेत, म्हणून या माहितीपटात त्यांची नावे घेतलेली नाहीत आणि शाळांचीही घेतलेली नाहीत. आम्हाला दाखवायच्या आहेत त्या त्यांच्या वह्या.

पहिल्या तासाला शिक्षकांनी पडद्यावर विषयाचे नाव लिहिले तेव्हा सगळे गप्प होते, आणि ते स्वाभाविक होते. सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलाला कर्नाटकाच्या पाठ्यक्रमानुसार मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकाव्या लागतात. दहावीला एसएसएलसीची परीक्षा असते. आणि उद्योजकतेवर इंटरनेटवर जे साहित्य मिळते त्यातील बहुतेक इंग्रजीत असते. त्यात भर म्हणून पाच अक्षरांचा हा जड शब्द. मग शिक्षकांनी विचारले, की तुमच्या गल्लीत भिशी चालते का? शेजाऱ्याच्या शेतावर पैऱ्याने, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, कोणी जाते का? आईच्या बचत गटात कर्ज कोणाला द्यायचे हे कोण ठरवते? एकामागून एक माइक सुरू झाले. लोकांची अडचण लोकांनीच हिशेब ठेवून सोडवायची आणि ते काम दुसऱ्या वर्षीही चालू राहील इतकी कमाई त्यातून व्हायला हवी, ही कल्पना मुलांच्या घरात आधीपासून होती. तिला शाळेत कोणी विषय म्हणून आणले नव्हते इतकेच.

या भागाला तर या कल्पनेचा जुना शेजार आहे. 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा झाल्यानंतर 1905 मध्ये कणगिनहाळ या गावी शेतकऱ्यांची पहिली पतसंस्था सुरू झाली. हे गाव आज गदग जिल्ह्यात आहे, तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होते, आणि संस्थेमागे सिद्दनगौडा पाटील हे गावचेच गृहस्थ होते. सावकाराच्या व्याजाला गावातूनच पर्याय उभा करणे, हा धडा बेळगावच्या मुलांना बांगलादेशातून शिकण्याआधी शेजारच्या जिल्ह्यातून शिकता येतो.

बांगलादेशाचे उदाहरणही वर्गात येते, आणि यायलाच हवे. 1976 मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस जोब्रा गावात गेले, बांबूची मोढी म्हणजे बसायची स्टुले विणणाऱ्या बायकांना कच्चा माल कोण देते आणि तयार माल कोण घेते हे त्यांनी विचारले, आणि 42 जणांचे मिळून देणे अवघे 27 डॉलर आहे हे त्यांच्या लक्षात आले. पुढे 1983 मध्ये गरिबांना छोटी कर्जे देणारी त्यांची ग्रामीण बँक झाली, 2006 मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. मुले नोबेलवर थांबतात. शिक्षक त्यांना पुन्हा त्या 42 जणांच्या यादीकडे नेतात, कारण आधी घरोघरी जाऊन यादी केली म्हणून रक्कम कळली, आणि रक्कम कळली म्हणून पुढचे सगळे सुचले.

[दृश्य : वहीचे पान. चार रकाने आखलेले. वरच्या ओळीत मराठी, खाली कन्नड शब्द.]

झूमची मोफत बैठक 40 मिनिटांनी आपोआप बंद पडते. सुरुवातीला ही अडचण वाटली. आता तीच या वर्गाची शिस्त झाली आहे, कारण उरलेले काम पडद्यासमोर होऊच शकत नाही. बाजारात जाऊन पाच जणांना भाव विचारणे, फेकून दिलेला माल तराजूवर घालून पाहणे, ज्या आजोबांना पेन्शनच्या अर्जासाठी दोन खेपा कराव्या लागल्या त्यांचे बसचे तिकीट वहीत चिकटवणे, असा गृहपाठ असतो. ज्या आठवड्यात रेंज अगदीच नसते, त्या आठवड्यात शिक्षक व्हॉइस नोट पाठवतात. ती रात्री केव्हातरी पोचते आणि मूल ती दोनदा ऐकते, ही सोय थेट वर्गात नाही. 2020 मध्ये शाळा बंद असताना कर्नाटक सरकारने विद्यागम योजनेत शिक्षकांना गावोगावी पाठवून देवळाच्या आवारात आणि समाजमंदिरात लहान लहान गटांचे वर्ग भरवले होते. मोबाईल सगळ्यांकडे नाही, हे तेव्हाच उघड झाले होते. आजही घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून या वर्गात दोन घरांत मिळून एक फोन चालतो, आणि हजेरी वहीवरून घेतली जाते.

बाजारातल्या गृहपाठात एक गोष्ट अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली. परीक्षेच्या भीतीने ज्या कन्नडपासून मुले दूर पळत, तीच कन्नड अडत्याकडे उपयोगी पडली. ‘एष्टु’ म्हणून भाव विचारणारे आणि घरी येऊन मराठीत जमाखर्च मांडणारे मूल दोन्ही बाजारपेठांत उभे राहू शकते. कोल्हापूरच्या किंवा धारवाडच्या मुलाला हे इतक्या सहज जमत नाही. सीमेवर राहण्याचे दुखणे मोठ्या माणसांनी पुष्कळ बोलून झाले आहे, आणि ते खोटेही नाही. या वहीत मात्र ती सीमा भांडवलाच्या बाजूला लिहिलेली आहे.

जिल्ह्यातली दोन उदाहरणे शिक्षक आवर्जून सांगतात. पहिले अथणीचे. ज्याला सगळे कोल्हापुरी चप्पल म्हणतात ती अथणीतही पिढ्यान्‌पिढ्या बनते, आणि 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना ते मिळाले. त्यात बेळगाव आहे. याच अथणीत 1990 च्या दशकाच्या अखेरीस चप्पल शिवणाऱ्या कारागीर कुटुंबांतील बायकांचे गट बांधले गेले आणि त्यांनी ‘टो-होल्ड’ या नावाने आपला माल परदेशापर्यंत नेला. चप्पल तीच होती. घरात बसून वेणी घालणाऱ्या बाईचे नाव हिशेबात आले, हा बदल होता.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. त्यांचा जन्म 1869 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, आणि 1888 मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्यांना सामाजिक उद्योजक म्हणायचे का, यावर वर्गात वाद झाला. लोखंडी नांगर त्यांनी बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी मानत होते आणि नांगर पडून राहिले. नांगराने शेतकऱ्याचे श्रम वाचले, तरी कारखाना नफ्यासाठीच होता, असे एका बाजूचे म्हणणे; नफा झाला म्हणून काम समाजाचे नाही असे कसे, हे दुसऱ्या बाजूचे. शिक्षकांनी निकाल दिला नाही. माझे मत विचाराल तर वाद योग्य माणसावरून झाला. कारण धर्मादाय, धंदा आणि या दोहोंमधले काम यांच्या व्याख्या पाठ करून मुलांना जे कळत नाही, ते एका नांगरावरून भांडताना कळते.

व्याख्येपेक्षा पैशाची वाट दाखवणे अधिक सोपे जाते, हेही खरे. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू केले. जे पैसे देऊ शकतात ते देतात, आणि त्यातून जे देऊ शकत नाहीत त्यांची शस्त्रक्रिया होते. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचे पुढे लिज्जत झाले. देणगी घ्यायची नाही हा त्यांचा नियम होता. एका ठिकाणी गिऱ्हाइकाचा पैसा रुग्णापर्यंत जातो, दुसऱ्या ठिकाणी लाटणारीच मालक असते. मुलांना बाण काढून हे दोन नकाशे वहीत काढायला सांगितले, की तास संपतो.

[दृश्य : निपाणीतील खोली. सुपात तंबाखू, बाजूला तेंदूची पाने. चटचट चालणारी बोटे.]

इथे या विषयाची मर्यादा सांगितली पाहिजे, कारण तो शिकवणारे अनेकजण ती सांगत नाहीत. निपाणीच्या मुलाने आपल्या वहीत अडचण म्हणून आईची मजुरी लिहिली. ती दिवसभर विड्या वळते, त्यातल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. उपाय म्हणून त्याने ‘ॲप’ असे लिहिले. निपाणीचा इतिहास वेगळे सांगतो. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसे गेली. विडी कामगारांसाठी 1966 मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता. मजुरीचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न आहे. तो संघटनेकडे आणि कामगार खात्याकडे न्यायचा असतो, आणि त्यावर नववीच्या मुलाने उद्योग काढावा अशी अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर आणि त्याच्या आईवरही अन्याय आहे. शिक्षकांनी त्याला पुढच्या आठवड्यासाठी काम दिले ते एवढेच, की आईच्या पगाराच्या कार्डावर काय काय छापलेले आहे ते वाचून लिहून आण.

दिल्लीच्या सरकारी शाळांत 2019 मध्ये नववी ते बारावीला उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि 2021 पासून मुलांना बीजभांडवलही दिले गेले. इथे तसे काही नाही. शिवाय अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार 1872 च्या करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे मुलांच्या नावावर संस्था, भाडेपट्टी किंवा कर्ज यांतले काहीच होत नाही. खाण्याची वस्तू विकायची तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणीही लागते. या सगळ्याला वर्गाने शोधलेले उत्तर आईचा बचत गट हे आहे. व्यवहार गटाचा, खाते गटाचे, आणि हिशेब लिहिणारे मूल.

[दृश्य : पुन्हा खानापूरची पडवी. सुपात रताळ्याचे काप वाळत घातलेले.]

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या तांबड्या मातीत रताळे चांगले येते. उपवासाच्या दिवसांत, विशेषतः महाशिवरात्रीला, त्याला भाव असतो. पण बारीक आणि काढताना कुदळ लागलेली रताळी वेगळी काढतात आणि ती मिळेल त्या भावाला जातात. खांबापाशी बसणाऱ्या मुलीने हाच प्रश्न निवडला. रताळ्यात बराचसा भाग पाण्याचा असतो, त्यामुळे साल काढून, काप वाळवून दळले की साधारण चार किलो रताळ्यांचे एक किलो पीठ होते. तिने वीस किलो रताळी घेतली असे धरून हिशेब मांडला. हिशेबासाठी धरलेले आकडे असे : रताळी 200 रुपये, दळण 40, पिशव्या 30, म्हणजे खर्च 270. पीठ पाच किलो, किलोला 120 रुपये भाव, म्हणजे 600. नफा 330 रुपये. तिने नफ्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वहीचा फोटो ग्रुपवर टाकला.

रात्री शिक्षकांची व्हॉइस नोट आली. ‘हिशेब बरोबर आहे, बाळ. पण साल कोणी काढली? काप कोणी केले? ते वाळत घालून पाऊस आला की आत कोणी नेले?’

मुलीने आईला विचारले. आई आणि काकू मिळून दहा तास, असे उत्तर आले. तासाला 40 रुपये धरले तरी 400 होतात. 330 चा नफा गेला आणि 70 रुपयांचा तोटा राहिला. हे पान आम्ही चित्रित केले तेव्हा त्यावर खाडाखोड होती, आणि ‘मजुरी’ हा नवा रकाना जागा नसल्याने समासात उभा लिहिला होता.

पुढच्या तासाला याच पानावर चर्चा झाली. वडगावची मुलगी म्हणाली की भाव 150 करावा. मग मजुरी देऊनही 80 रुपये उरतात, पण त्या भावाने गावात कोणी घेईल का, हे विचारून यावे लागेल. निपाणीच्या मुलाने सांगितले की काप करायचे यंत्र दोन-तीन गटांनी मिळून घेतले तर तास कमी होतील. खानापूरच्या मुलीचे म्हणणे तिसरेच होते. काकूला मजुरी नको आहे, नफ्यात वाटा हवा आहे, आणि तोटा झाला तर तोही तिचा. तशी तिची तयारी आहे का, हे तिने अजून विचारलेले नाही. ती विचारणार होती तेवढ्यात चाळीस मिनिटे संपली आणि पडदा काळा झाला. तिने मोबाईल काकूच्या हातात दिला, वही उघडीच ठेवली आणि चुलीपाशी जाऊन बसली.