लॅपटॉप पर्वती चढतो

[दृश्य: पुणे, बुधवार पेठ, तपकीर गल्ली. शटर वर जातायत.]

सकाळी तपकीर गल्लीत दुचाकी तरी शिरते. तासाभरानं पायी चालायचीही मारामार होते. वायरींची भेंडोळी, बल्ब, अडॉप्टर, मापून मिळणारी केबल. या सगळ्याच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेलं की एक खोली लागते आणि खोलीत लॅपटॉपची चळत.

हे लॅपटॉप हिंजवडीहून आलेत. एका कंपनीनं एकगठ्ठा काढून टाकले. बिघाड म्हणाल तर काही नाही. 14 ऑक्टोबर 2025 नंतर मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज 11 घ्यायचं तर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. ही यंत्रं त्याआधीची. सुरू होतात, चालतात, पण कंपनीच्या लेखी ती संपली. इथे दुरुस्त होऊन ती पर्वती टेकडीवरच्या वस्तीत शिकण्यासाठी जातात.

[जवळून: स्क्रू ड्रायव्हर, चुंबकी पट्टी.]

दुरुस्ती करणारे दादा आधी बॅटरी काढतात. फुगलेली असेल तर तिची रवानगी थेट वेगळ्या डब्यात. मग मागचे स्क्रू, आणि तेही ज्या जागचे त्याच क्रमानं पट्टीवर. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर थेट बोर्डात घुसतो. झाकण निघालं की पंखा दिसतो. बघा, या जाळीतून वारा जाणं अपेक्षित होतं.

[पंख्यातली धूळ. आवाज तसाच ठेवायचा.]

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. ती खरवडून, पुसून नवी लावायची, मटारच्या दाण्याएवढी. चार जीबीच्या रॅमशेजारी आणखी चार जीबी. आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो इथे: फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बाहेर, काहीच न फिरणारी वेगवान एसएसडी आत. एरवी चहा पिऊन येईपर्यंत सुरू न होणारा लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात तयार असतो.

जुन्या डिस्कचं काय होतं, हे कंपन्या पहिल्यांदा विचारतात. विचारायलाच हवं. फाइल डिलीट केली म्हणजे ती जात नाही. फक्त तिच्या जागेवर लिहायची परवानगी मिळते. म्हणून पूर्ण डिस्कवर नव्यानं लिहून ती पुसली जाते, आणि जी पुसली जात नाही तिला हे भोक.

[ड्रिल. डिस्क आरपार.]

त्यानंतर पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स. फुकट आहे, हलकं आहे, मराठीतही चालतं. शेवटचं काम हातानं करायचं: कीबोर्डवर देवनागरीचे स्टिकर. हा इनस्क्रिप्ट, सरकारमान्य मांडणी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, जे वर र, एल वर त. एक स्टिकर वाकडा बसला तर दादा तो काढून पुन्हा लावतात. आम्ही थांबलो होतो, त्यांना घाई नव्हती.

[रिक्षा. मग पायऱ्या.]

पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत. रिक्षा खालीच थांबते. पुढचा प्रवास बोळांतून, पायऱ्यांवरून, खांद्यावर सॅक मारून.

संगणकाच्या बाबतीत पुणं कधीच मागं नव्हतं. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था इथे 1988 साली सुरू झाली. 1991 मध्ये त्यांनी परम 8000 हा महासंगणक उभा केला. राज्यभर एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम पोहोचवणाऱ्या एमकेसीएलचं मुख्यालयही इथलंच. तरीही या बोळात लॅपटॉप येतोय म्हटल्यावर पोरं मागोमाग धावतात.

मोबाईल आहे की घरोघरी, असं कुणीही म्हणेल. आहे, आणि तो बहुतेकदा वडिलांच्या खिशात असतो. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या शहरी भागातल्या 42 टक्के घरांत इंटरनेट होतं; संगणक जेमतेम 23 टक्के घरांत. स्वस्त डेटानं पहिला आकडा पुढे रेटला. पण मोबाईलवर बघता येतं, बोलता येतं. पानभर निबंध टाइप करायचा तर अंगठे दमतात. एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा संगणकावर होते. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचा वेग मागतात. माऊस पहिल्यांदा परीक्षा केंद्रात हातात घेणाऱ्या मुलाला अभ्यास कच्चा म्हणणं हा अन्याय आहे.

[समाजमंदिराची खोली. दुपार.]

दुपारची ही वेळ बायकांची. सकाळ-संध्याकाळ त्या घरकामाला जातात. शिकवणारी ताई याच वसाहतीतली. आज मात्र एका आईला तिचा लेक शिकवतोय.

"आई, दोनदा दाब. पटापट."

"अरे, दाबते तर खरी. पण दाबलं की हा बाण पळतो कुठं?"

"हात घट्ट धरू नकोस ना!"

[इथे निवेदन नाही. फाइल उघडेपर्यंत शॉट चालू ठेवायचा.]

ताई आधी नाव टाइप करायला लावते. मग फोटो शोधायचा, त्याचा आकार कमी करायचा, पीडीएफ बनवायची. ऑनलाइन अर्ज बहुतेक इथेच अडतो, आणि मग त्याच कामाचे पैसे बाहेर कुणाला तरी मोजावे लागतात. जोडाक्षर आलं की वर्ग थबकतो. डी वरचं, अक्षराचा पाय मोडणारं हलन्त सापडलं की एकमेकींना दाखवणं सुरू होतं.

काही मुलांनी अकरावीचे अर्ज याच खोलीतून भरले. दोघी टायपिंगच्या परीक्षेला बसणार आहेत.

एका लॅपटॉपवर इथे दोघं-तिघं बसतात, तेव्हा आणखी लागणार. द्यायचे असतील तर चार्जरसकट द्या. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, व्होल्ट सारखे असले तरी दुसऱ्याचा बसेलच असं नाही. ऑफिसात लॅपटॉप जमा होतात आणि चार्जर ड्रॉवरमध्येच राहतात. ड्रॉवर एकदा उघडून बघा.